सोहोमधला अख्ख्या मजल्याचा लॉफ्ट: घ्यावा का? (न्यूयॉर्क, कास्ट आयर्न डिस्ट्रिक्ट)

घुंगरू_जेसी

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी, सध्या जर्सी सिटीत भाड्याने राहतो, नवऱ्याचं ऑफिस हडसन स्क्वेअरला. पुण्याचा फ्लॅट विकायचा आणि इथेच कायमचं घर करायचं असं बरेच दिवस चाललंय. न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला बघून झालं पण तिकडे मन रमेना, आणि मग गेल्या महिन्यात सोहोत ग्रीन स्ट्रीटवर एक लॉफ्ट (जुन्या कारखान्याच्या मजल्याचं केलेलं मोकळं घर) बघितला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

चौथा मजला, अख्खा मजला म्हणजे एकच घर. लिफ्ट चावीने चालते आणि दार उघडलं की जिना नाही, पॅसेज नाही, थेट आपल्या हॉलमध्येच. साधारण २४०० चौरस फूट. छत तेरा फुटांच्या वर. मधून ओतीव लोखंडाचे खांब रांगेने, वर पानाफुलांची नक्षी, आणि रस्त्याच्या बाजूला खिडक्या इतक्या उंच की मुलगी उभी राहिली तर तिच्या डोक्यावर अजून एक मुलगी मावेल. जमीन जुन्या पाइनच्या फळ्यांची. एका बाजूला त्या फळ्यांवर ठरावीक अंतराने गोल लाकडी बुचं दिसतात, मी विचारलं तर म्हणाले इथे कपड्यांचा कारखाना होता, मशिनी जमिनीला बोल्टने बसवलेल्या, ती भोकं नंतर बुजवली. मी कितीतरी वेळ ती बुचंच बघत बसले होते.

आता अडचणी. किंमत ३२ लाख डॉलर्स. को-ऑप आहे, म्हणजे इमारतीच्या कंपनीचे शेअर्स घ्यायचे; घर थेट आपल्या नावावर होतं तसा कॉन्डो नाही. जाहिरातीत तीन बेडरूम लिहिलंय पण त्यातल्या दोन मधल्या भागात आहेत, तिथे खिडकीच नाही. महिन्याचा मेंटेनन्स एवढ्या मोठ्या घराला मानाने कमी वाटतो, का ते कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाली बारीक अक्षरात "एआयआर" असं लिहिलंय, म्हणजे तिथे राहायला म्हणे सर्टिफाइड आर्टिस्ट लागतो. एजंट म्हणाला ते नावापुरतं आहे, सगळे एक पत्र सही करून देतात, काळजी करू नका.

मी कथक शिकवते आणि स्वतःची कामंही बसवते, त्यामुळे मोठी मोकळी जागा हे माझं खरंच स्वप्न आहे. पण सांगलीहून आई-बाबा दरवर्षी बरेच महिने येऊन राहतात, त्यांचाही विचार आहे. ज्यांना त्या भागाची खरी माहिती आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

मर्सरकर

ताई, मी नव्वदच्या दशकापासून सोहोतच राहतोय आणि आमच्या को-ऑपच्या बोर्डावर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, एआयआर हे नावापुरतं नाहीये. म्हणजे आर्टिस्ट इन रेसिडन्स. हे कुठून आलं ते कळलं की कागद वाचायला सोपं जातं म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. या इमारती राहण्यासाठी बांधल्याच नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे कापडाचा घाऊक व्यापार होता, खाली दुकान आणि वर गोदाम नाहीतर कारखाना. नंतर उद्योग एकेक करून निघून गेले, १९५० आणि ६० च्या दशकात इथे इतक्या आगी लागायच्या की अग्निशमन दलवाले या भागाला नरकाची शंभर एकर म्हणायचे. त्यात शहरातले मोठमोठे रस्ते आणि पूल बांधणारा बडा अधिकारी रॉबर्ट मोझेस याला ब्रूम स्ट्रीटवरून आडवा एक्स्प्रेसवे काढायचा होता, तो झाला असता तर तुम्ही बघितलेली इमारत आज उभी असती की नाही देव जाणे. लेखिका आणि कार्यकर्ती जेन जेकब्स आणि इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून तो हाणून पाडला, १९६९ ला तो शेवटी रद्द झाला. आणि याच काळात चित्रकार, शिल्पकार या रिकाम्या मजल्यांवर येऊन राहायला लागले, कारण भाडं कमी आणि जागा अफाट. बेकायदेशीरच होतं ते. गरम पाणी नाही, हीटिंग संध्याकाळी बंद, कचरा उचलायला कुणी येत नाही, इन्स्पेक्टर आला की गाद्या लपवायच्या. जॉर्ज माचुनास नावाच्या कलाकाराने १९६७ मध्ये ८० वूस्टर स्ट्रीटला कलाकारांचं को-ऑप उभं केलं, तिथून पुढे हे लोण पसरलं. शिल्पकार डोनाल्ड जडने १९६८ ला स्प्रिंग स्ट्रीटवर १०१ नंबरची अख्खी इमारत घेतली, ती आजही बघता येते, आधी वेळ ठरवून जावं लागतं. तुम्ही लॉफ्ट घ्या नाहीतर नका घेऊ, ती मात्र बघाच, अशा मजल्यावर माणसाने कसं राहावं हे तिथे समजतं.

तर १९७१ मध्ये शहराने हे नियमात बसवलं, पण अटीवर. झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल याचा नियम, कारखान्यांचंच राहिलं आणि त्यात कलाकाराला राहणं आणि काम करणं एकत्र करायची परवानगी मिळाली. सर्टिफिकेट देतं शहराचं सांस्कृतिक खातं. घरातल्या एका तरी माणसाकडे ते असायला हवं. पुढे इथे पैसेवाले आले, सर्टिफिकेट नसलेल्यांनी घरं घेतली, बोर्डांनी डोळेझाक केली, आणि ते जे पत्र एजंट म्हणतोय त्याला इथे सोहो लेटर म्हणतात. त्या पत्रात तुम्ही काय लिहून देता तर मला हा नियम माहीत आहे आणि उद्या काही झालं तर जबाबदारी माझी, को-ऑपची नाही. म्हणजे ते पत्र तुमचं रक्षण करत नाही, ते बोर्डाचं रक्षण करतं. हे एजंट कधीच सांगत नाहीत याची मला खरंच चीड येते.

डिसेंबर २०२१ मध्ये सोहो आणि शेजारचं नोहो यांचं झोनिंग बदललं. आता सर्वसामान्य राहण्याला परवानगी आहे, पण तुमच्यासारखं जुनं आर्टिस्ट-लॉफ्ट आपोआप साधं घर होत नाही. ते बदलून घ्यायचं तर दर चौरस फुटाला १०० डॉलर्स एका कला निधीत भरायचे असा नियम केला, म्हणजे तुमच्या २४०० फुटांना २ लाख ४० हजार डॉलर्स झाले, शिवाय इमारतीचे कागद बदलायचे ते वेगळं. या पैशावरून कोर्टकचेऱ्या झाल्यात, त्यामुळे आजच्या तारखेला नेमकं काय लागू आहे ते सोहोतली प्रकरणं नेहमी हाताळणाऱ्या वकिलाकडूनच लेखी घ्या. दुसऱ्या भागातला ओळखीतला वकील नको, स्वस्त पडला तरी नको.

तुम्ही कथकमध्ये स्वतःची कामं बसवता म्हणालात, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कायद्यातल्या व्याख्येत चित्र-शिल्पाबरोबर कोरिओग्राफीचा चक्क उल्लेख आहे. फक्त क्लास घेता एवढ्यावर होईलसं वाटत नाही, पण स्वतःच्या रचना, त्यांचे प्रयोग, आत्ताही काम चालू आहे याचे पुरावे आणि त्या कामाला मोठी जागा का लागते हे नीट मांडता आलं तर अर्ज करण्यासारखा आहे. मी तर म्हणेन घर घेण्याआधी अर्ज करा. या भागात खराखुरा कलाकार यायला लागला तर आम्हा जुन्या लोकांना मनापासून आनंद होईल, आता खाली फक्त हँडबॅगांची दुकानं उरलीयत.

---

नकाशावाली

मी न्यूयॉर्कमध्ये आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींची बरीच कामं केलीत. मर्सरकर दादांनी कायद्याचं सांगितलं, मी घराचं सांगते.

या प्लॉटची रुंदी साधारण २५ फूट आणि खोली १०० फूट. दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारतीच्या भिंती. म्हणजे उजेड येणार तो पुढून आणि मागून, मधे अंधार. व्यापाऱ्याला तेच हवं होतं, पुढे गिऱ्हाइकाला माल दाखवायचा, मधे ढीग मारायचे. तेव्हा विजेचे दिवे नव्हते म्हणून पुढचा दर्शनी भाग लोखंडाचा केला, लोखंड बारीक खांबावर वजन पेलतं त्यामुळे दगडी भिंतीत शक्य नाहीत एवढ्या मोठ्या काचा बसतात. तुम्हाला ज्या खिडक्या आवडल्या त्या यामुळे आहेत. आणि ज्या बेडरूम आवडल्या नाहीत त्याही यामुळेच.

खिडकी नसलेली खोली न्यूयॉर्कमध्ये कायद्याने बेडरूम नाही. तिला होम ऑफिस म्हणा, स्टोअर म्हणा, पण तिथे मुलीला किंवा आई-बाबांना कायमचं झोपवू नका, आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट नसते. म्हणजे तुम्ही तीन बेडरूमच्या भावात एक, फार तर दोन बेडरूमचं घर घेताय असं धरून हिशेब करा. खोल्या मागच्या भिंतीला लावल्या तर मागच्या खिडक्यांवर दोन छोट्या खोल्या बसतात, हॉल पुढे, स्वयंपाकघर आणि बाथरूम मधे. बाजूच्या भिंतीत एखादी खिडकी असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नका, ती हद्दीवरची खिडकी असते, शेजाऱ्याने मजले चढवले की ती विटांनी बंद होते आणि तुम्हाला काही बोलता येत नाही.

बाथरूम हलवायचा विचार असेल तर आधी को-ऑपचे नियम मागवा. बऱ्याच ठिकाणी खालच्या माणसाच्या झोपायच्या खोलीवर आपलं न्हाणीघर येऊ देत नाहीत. अख्ख्या मजल्याच्या घरात हे फार नडतं कारण पाण्याचे उभे पाइप एकाच जागी असतात.

हा सगळा भाग १९७३ पासून संरक्षित ऐतिहासिक डिस्ट्रिक्ट आहे. घराच्या आत रंग, फर्निचर तुमच्या मर्जीचं, पण पुढच्या खिडक्या बदलायच्या तर लँडमार्क्स कमिशनची (जुन्या वास्तू जपणारं शहराचं खातं) परवानगी लागते, चौकटीचा आकार, रंग, काचेची विभागणी सगळं बघतात. आधीच्या मालकाने परवानगी न घेता बदलल्या असतील तर ते व्हायोलेशन, म्हणजे नियमभंगाची नोंद, इमारतीवर बसलेलं असतं आणि निस्तरायला नवा मालक लागतो. कमिशनकडे परवानग्यांची नोंद असते, वकिलाला ती काढायला सांगा.

आणि एक करून बघा, पुढच्या वेळी जाताना खिशात छोटं लोहचुंबक घेऊन जा आणि दर्शनी खांबांना लावा. इथे दगडासारखं दिसणारं पुष्कळदा लोखंड असतं, दगडासारखा क्रीम रंग देऊन तसं भासवायची तेव्हा पद्धतच होती. पण दुरुस्ती करताना काही जागी लोखंडाऐवजी फायबरग्लासचे तुकडे बसवलेत, तिथे चुंबक चिकटत नाही. ते वाईट असतं असं नाही, पण कुठे काय बदललंय ते कळतं आणि मग बोर्डाला विचारायला मुद्दा मिळतो.

---

घुंगरू_जेसी

दोघांचे खूप खूप आभार, हे एवढं एजंटने आणि आमच्या बँकेच्या माणसाने मिळून सांगितलं नव्हतं. सोहो लेटरचं वाचून नवरा एकदम गप्पच झाला.

नकाशावाली ताई, एक फार महत्त्वाचं विचारायचं राहिलं. मी तिथे रियाज करणार, आठवड्यातून काही मुली येणार, घुंगरू बांधून तत्कार होणार. खाली तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी राहतं. चालेल का हे? आत्ताच्या घरी काँक्रीटचा स्लॅब आहे तरी खालच्यांची तक्रार येते.

---

नकाशावाली

खरं सांगायचं तर हीच तुझी सगळ्यात मोठी अडचण आहे, एआयआरपेक्षाही.

बाहेरून लोखंड दिसतं म्हणून लोकांना वाटतं इमारत लोखंडाची. बहुतेकींचं आत तसं नाही. बाजूच्या भिंती विटांच्या, मधे लोखंडी खांब, आणि त्यावर लाकडी तुळया आणि फळ्या. स्लॅब नाहीच. तू जी जमीन बघितलीस ती वरची फळी, खाली तुळई, आणि मधली पोकळी सोडली की खालच्याचं छत. तत्कार म्हणजे पायाचा सरळ आघात, तो तुळईतून खाली असा जातो की खालच्याच्या भांड्यांना ऐकू येईल. हवेतून जाणारा आवाज गालिचा, पडदे लावून कमी होतो, आघाताचा आवाज तसा होत नाही. त्यात पुष्कळ को-ऑपमध्ये ८० टक्के जमीन गालिच्याने झाकायची असा नियम असतो, आणि गालिच्यावर कथक कसं करणार?

उपाय आहेत. जुन्या फळ्यांवर रबराचे पॅड, त्यावर प्लायचे दोन थर मधे ध्वनिरोधक लेप, त्यावर नाचाची जमीन, असा तरंगता मजला एका भागात करता येतो. पायांनाही तो चांगला, काँक्रीटवर नाचून गुडघे जातात हे तुला माहीतच आहे. पण आवाज कमी होईल, शून्य होणार नाही. आणि त्यासाठी बोर्डाची लेखी परवानगी, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला असं सगळं लागेल. करारावर सही करायच्या आधी एकदा इंजिनिअर आणि ध्वनीचा सल्लागार दोघांना घेऊन जा, तू वर तत्कार कर आणि त्यांना खालच्या शेजाऱ्याकडे उभं राहू दे. शेजारी तयार झाला तर उत्तम, नाही झाला तर तेही एक उत्तरच समज.

---

काळाघोडा

मुंबईहून लिहितोय, जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करतो. धागा वाचून राहवलं नाही.

ओतीव लोखंडाच्या इमारतीचं आपलं उदाहरण म्हणजे काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. १८६० च्या दशकात सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणले आणि मुंबईत जोडले. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली ती तिथेच. सोहोपेक्षा एका अर्थी ती पुढची, कारण तिथे नुसता दर्शनी भाग नाही, सगळा सांगाडाच लोखंडाचा आहे. आणि आज तिची अवस्था बघवत नाही. भाडेकरू, मालक, मधे अडकलेली दुरुस्ती, सज्जे कोसळले, शेवटी ती रिकामी करावी लागली. लोखंड वाईट नव्हतं. पाणी आत शिरत राहिलं आणि कुणी थांबवलं नाही.

म्हणून ताईंना माझी एकच विनंती, तुमच्या मजल्याइतकंच दर्शनी भागाच्या देखभालीची फाइल बघा. लोखंडी दर्शनी भाग म्हणजे एकमेकांना बोल्टने जोडलेले सुटे तुकडे. रंगाचा थर फुटला, सांध्यातून पाणी आत गेलं की आतले बोल्ट गंजतात, गंज फुगतो, आणि तो तुकडाच पुढे ढकलतो. खालून बघताना रंगावर गंजाचे तांबडे ओघळ सांध्यापासून सुरू झालेले दिसले तर समजा आत काम आहे. शेवटचा पूर्ण रंग आणि सांधे भरण्याचं काम कधी झालं, कुणाच्या खर्चाने झालं आणि पुढचं कधी येतंय हे बोर्डाला विचारा. न्यूयॉर्कने या रस्त्यांची जी काळजी घेतलीय ती बघून मला हेवा वाटतो, जमेल त्याने ब्रॉडवे आणि ब्रूमच्या कोपऱ्यावरची हॉवाउट इमारत जरूर बघावी, १८५७ ची आहे आणि ओटिसची माणसं नेणारी पहिली लिफ्ट तिथे बसवली होती. पाच मजले चढायची सोय झाली आणि वरच्या मजल्यांची किंमत वाढायला सुरुवात झाली ती तिथून.

---

हिशेबनीस

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. न्यू जर्सीत सीपीए (इथला सीए) आहे, मॅनहॅटनमधले बरेच क्लायंट.

को-ऑप म्हणजे आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारखं, तुम्ही घर विकत घेत नाही, कंपनीचे शेअर्स घेता आणि त्यासोबत त्या मजल्याचा करार मिळतो. फायदा असा की कर्जाच्या नोंदणीवरचा टॅक्स लागत नाही. हेच घर कॉन्डो असतं आणि तुम्ही २० लाखांचं कर्ज काढलं असतं तर १.९२५ टक्क्याने साडेअडतीस हजार डॉलर्स तिथेच गेले असते. पण मॅन्शन टॅक्स, म्हणजे महाग घर घेताना लागणारा कर, दोन्हीकडे आहे. १० लाखांपासून सुरू होतो, ३० ते ५० लाखांच्या टप्प्यात दीड टक्का, आणि तो पूर्ण किमतीवर. ३२ लाखांवर ४८ हजार. तुम्ही भाव ३० लाखांच्या आत आणू शकलात तर सव्वा टक्का लागतो, त्यामुळे घासाघीस करताना हा आकडा डोक्यात ठेवा.

बोर्ड तुमची सगळी आर्थिक कुंडली मागेल, दोन-तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न्स, बँक स्टेटमेंट्स, ओळखीच्यांची पत्रं, मग मुलाखत. कारण न सांगता नाही म्हणू शकतात. घर घेतल्यावर हातात किती रोकड उरते हे ते फार बारकाईने बघतात. पुण्याच्या फ्लॅटचे पैसे आणायचे तर ते आधी आणा, मुलाखतीच्या वेळी येतायत असं सांगू नका. तुम्ही एनआरआय म्हणून विकताय तर खरेदीदार टीडीएस मोठा कापणार, तो कमी करून घ्यायचं सर्टिफिकेट आधी काढावं लागतं, मग पैसे एनआरओ खात्यात, तिथून सीएच्या दाखल्यासह वर्षाला १० लाख डॉलर्सपर्यंत बाहेर नेता येतात. सासू-सासरे किंवा आई-बाबा भारतातून मदत करणार असतील तर त्यांना माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर्सची मर्यादा आहे. आणि ती भेट आहे, परत द्यायची नाही, असं पत्र बोर्ड मागतंच. काही बोर्डांना भेटीचे पैसे आवडतच नाहीत.

आता मेंटेनन्स कमी का. सोहोत तळमजल्याचं दुकान बहुतेक वेळा को-ऑपच्याच मालकीचं असतं आणि त्याच्या भाड्यातून इमारतीचा बराचसा खर्च निघतो. त्यामुळे वरच्यांना कमी भरावं लागतं. छान आहे, पण दुकान गेलं की गणित फिरतं. २०२० मध्ये या रस्त्यांवर कितीतरी दुकानं फळ्या मारून बंद होती ते सगळ्यांनी बघितलंय. दुकानाचा करार किती वर्षांचा उरलाय, भाडं वेळेवर येतंय का, इमारतीच्या स्वतःच्या कर्जाची मुदत कधी संपते आणि राखीव निधी किती, हे ताळेबंदात सापडेल. सहा घरांच्या इमारतीत एकाने पैसे थकवले तरी बाकी पाचांना झळ बसते.

---

पूलपलीकडचा

मी डंबोत राहतो, ब्रुकलिन ब्रिजच्या पायथ्याशी. घुंगरू ताई, मला वाटतं तुम्ही हवं ते घर बरोबर ओळखलंय पण जागा बदलून बघायला हरकत नाही.

आमच्या इथल्या मोठ्या इमारती रॉबर्ट गेअर नावाच्या पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखानदाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधल्या, आणि त्या काँक्रीटच्या आहेत. जाड स्लॅब, जाड खांब, नक्षी वगैरे काही नाही, पण आवाजाचा प्रश्न सोहोपेक्षा खूप कमी. कॉन्डो जास्त, कलाकार असल्याचा पुरावा कुणी मागत नाही. डिस्ट्रिक्टला २००७ मध्ये ऐतिहासिक दर्जा मिळालाय, रस्त्यात जुने रूळ अजून आहेत. एकच त्रास, मॅनहॅटन ब्रिजवरून मेट्रो जाते, तिचा खडखडाट काही घरांत दिवसरात्र येतो, त्यामुळे खिडकी उघडून थोडा वेळ उभं राहिल्याशिवाय काही ठरवू नका. सोहोशेजारचं ट्रायबेकाही बघा, लोणी-अंडी-चीजची जुनी गोदामं, एआयआरची भानगड तिथे बरीच कमी, पण भाव सोहोपेक्षा उतरलेले असतील असं समजू नका.

---

मर्सरकर

पूलपलीकडच्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे, पण मी ताईंना लगेच सोहो सोडा असं सांगणार नाही. तेरा फुटी छताखाली, त्या खांबांच्या रांगेत कुणी नाचतंय हे याच भागात पन्नास-साठ वर्षांपूर्वी घडत होतं, इथल्या लॉफ्टमधून आधुनिक नृत्याचे केवढे प्रयोग झाले. जागा त्यासाठी योग्य आहे, प्रश्न फक्त खालच्या शेजाऱ्याचा आणि कागदांचा आहे.

आई-बाबांचं राहिलं. को-ऑपच्या करारात कोण राहू शकतं ते लिहिलेलं असतं. तुम्ही स्वतः राहत असताना आई-वडील येऊन राहिले तर सहसा कुणी काही म्हणत नाही, पण तुम्ही दोघं भारतात आणि ते एकटे घरात असं झालं की काही बोर्ड कुरकुर करतात. मुलाखतीत लपवू नका, सरळ सांगा की दरवर्षी येतात. आणि लिफ्ट बिघडली तर चौथ्या मजल्याचा जिना त्यांना चढता येईल का ते बघा, या इमारतींचे जिने लांब आणि सरळ, मधे टेकायला जागा नाही, एका मजल्याची उंचीच दीडपट.

---

घुंगरू_जेसी

काल रात्री आम्ही दोघांनी सगळा धागा पुन्हा वाचला. ठरवलंय असं: आत्ता ऑफर द्यायची नाही. आधी सोहोचाच वकील गाठायचा, मी सर्टिफिकेटचा अर्ज भरायला घेतेय, माझ्या रचनांचे व्हिडिओ आणि कार्यक्रमपत्रिका शोधून ठेवल्या. एजंटला सांगितलं की खालच्या शेजाऱ्यांना भेटल्याशिवाय पुढे जाणार नाही, तो जरा नाराज झाला पण विचारतो म्हणालाय. रविवारी डंबोत दोन घरं बघायला जातोय, नवऱ्याला काँक्रीट ऐकूनच बरं वाटलं. आई मात्र फोनवर म्हणाली, जिना मी चढीन गं, तू नाचायची जागा सोडू नकोस.

को-ऑपकडून बोर्डाच्या बैठकांची टिपणं आणि ताळेबंद मागवलेत. त्यात अजून नेमकं काय बघू?

---

मर्सरकर

मागच्या काही वर्षांची टिपणं मिळतात ती सगळी वाचा, एकाच वर्षाची नको. आवाजाच्या तक्रारी, गळती, खालच्या दुकानाचा करार, जुन्या लॉफ्ट कायद्यातला कुणी संरक्षित भाडेकरू इमारतीत उरलाय का, हे शोधा, तो कायदा १९८२ चा आहे आणि काही मजल्यांवर अजून तशी माणसं आहेत. शहराच्या बिल्डिंग खात्याच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की व्हायोलेशन्स आणि सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी (कुठला मजला कशासाठी वापरायला मंजूर आहे तो दाखला) फुकट दिसतं, त्यावर चौथ्या मजल्यापुढे काय लिहिलंय ते शब्द न शब्द उतरवून वकिलाला द्या.

आणि दारासमोरच्या फुटपाथकडे बघा. लोखंडी पट्ट्यात गोल जाड काचा बसवलेल्या दिसल्या तर त्याखाली तळघर रस्त्याच्या बाजूला पुढे आलेलं आहे, त्या काचांतून खाली उजेड जायचा. दिसायला फार सुंदर, पण त्या फुटपाथचं छत सांभाळणं इमारतीच्या गळ्यात असतं आणि ते काम निघालं की खर्च सगळ्या शेअरवाल्यांत वाटला जातो. या पुढे आलेल्या तळघराला व्हॉल्ट म्हणतात, टिपणांत "व्हॉल्ट" हा शब्द जिथे जिथे येईल तिथे खूण करा आणि ती पानं मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, आमच्या इमारतीत हेच काम करून झालंय त्यामुळे कंत्राटदाराचं एस्टिमेट खरं आहे की नाही ते मला सांगता येईल.